वीस केबीतली आई

आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. विड्या वळून तिने मला पदवीपर्यंत शिकवलं. तिच्या पेन्शनच्या अर्जाला वीस केबीचा फोटो हवा होता. तिचा एकुलता एक फोटो मी लहान केला आणि त्याच नावाने, मूळ फाइलवरच सेव्ह केला. “लई शिकलास की,” ती म्हणाली.

ती गेल्यावर फ्रेमसाठी तोच फोटो स्टुडिओत नेला. मोठ्या पडद्यावर तिची हनुवटी कोरी दिसली.

“मूळ फाइल न्हाय का, सर?” फोटोग्राफर म्हणाला. “जेपीजी लहान करताना बारकावे टाकून देतं. मोठा केला तरी ते परत येत न्हाईत.”

मी त्याला गोंदणाचं सांगितलं.

“हातानं काढतो की. ठिपके एका ओळीत होते का त्रिकोणात?”

मला सांगता येईना.