सुरुंग मोजायला शिकताना

आमच्याकडं शिक्षण आलं ते एका माणसाचे तुकडे झाल्यावर.

बहात्तरच्या दुष्काळानंतर विट्याच्या बाजूला ज्याला त्याला विहीर हवी होती. आम्ही पाटणकडचे. डोंगरातलं रान पोटाला पुरेना म्हणून नवरा विहिरींच्या कामावर लागला आणि त्याच्या मागोमाग मीही गेले. तो खडकात भोकं पाडून सुरुंग भरायचा, मी फुटलेला दगड पाटीत घालून वर आणायची. तिथल्याच एका विहिरीत भरलेल्या सुरुंगांपैकी एक उडायचा राहिला होता. कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकानं नेमकी तिथंच पहार मारली. त्याला वर काढायला आम्हा बायकांच्याच पाट्या वापरल्या. माझ्या पाटीत त्याचा हात आला, मनगटापासून तुटलेला. मूठ मिटलेलीच होती. ती पाटी मी धुतली आणि त्याच आठवड्यात पुन्हा डोक्यावर घेतली, कारण दुसरी नव्हती.

मग साहेब लोक आले. त्यांनी कंत्राटदाराला दम भरला की इथून पुढं लायसन असलेल्या माणसाशिवाय कुणी सुरुंगाला काडी लावायची नाही. लायसनला लिहिता-वाचता यायला हवं. आमच्यात ते कुणालाच येत नव्हतं. कंत्राटदारानं माझ्या नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस कराडला धाडायला सुरुवात केली. तिथं एका गोदामात फौजेतून रिटायर झालेले एक हवालदार सुरुंगवाल्यांना शिकवायचे. सही, आकडे, सुरुंगाच्या दारूच्या खोक्यावरची अक्षरं, वात किती लांब तोडायची, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आवाज मोजणं. जेवढे सुरुंग भरले तेवढे आवाज आले पाहिजेत. एक जरी कमी आला तरी अर्धा तास विहिरीत पाय टाकायचा नाही, कारण वात कधी कधी आतल्या आत धुमसत राहते.

हवालदार छडी मारायचे. तीस-पस्तीस वर्षांच्या बाप्यांना, पोरांसारखा हात पुढं करायला लावून. नवरा कराडहून आला की त्याच्या तळहातावर वळ असायचे, आणि दिवा लागायच्या आत ते माझ्या पाठीवर उतरायचे.

विहिरीजवळच पाचटाचं खोपट होतं आमचं. तो माझ्याकडं पाठ करून बसायचा आणि माझ्या हातात ताटली आणि पळी द्यायचा. मी वाजवायचं, त्यानं मोजायचं.

"एका चालीत वाजवू नगंस," तो सांगायचा. "मधीच थांब. मधीच दोन लगोलग हाण. सुरुंग तसंच उडत्यात."

सुरुवातीला मलाही दहाच्या पुढं येत नव्हतं. पण त्याच्या लिहायच्या पाटीवरचे आकडे मी बघायची, तो कामावर असला की चुलीपुढच्या मातीत काडीनं काढायची आणि तो यायच्या आत पोतेरं फिरवायची. महिन्याभरात मला येऊ लागलं. त्याला घाई असायची, त्यामुळं लगोलगचे दोन ठोके त्याच्या हातून हमखास निसटायचे.

"अकरा," तो म्हणायचा.

"आवं, बारा झालं. मीच वाजीवल्यात न्हवं?"

"मला शिकवतीस?" आणि मग तीच पळी माझ्या डोक्यात बसायची. एकदा कानामागं खोक पडली. जखमेत हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटली घेऊन बसले. मार चुकावा म्हणून मी खोटं बोलायला हवं होतं, त्याच्या चुकीच्या आकड्याला हो म्हणायला हवं होतं. का कुणास ठाऊक, ते मला जमलं नाही.

थोडी घोकंपट्टी आणि थोडी हवालदारांची मेहेरबानी, असं करून त्याला लायसन मिळालं. पहिल्याच महिन्यात एकदा त्याला एक आवाज कमी वाटला. त्यानं नेमाप्रमाणं अर्धा तास सगळ्यांना थांबवलं. खाली उतरून बघतात तर सगळे सुरुंग उडालेले. विहिरीचा मालक गडगडून हसला. त्या दिवसापासून गडी त्याला भित्रा म्हणून चिडवायला लागले. ते त्याला फार लागलं होतं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी नऊ सुरुंग भरले. दुपारची वेळ होती. मालक आणि कंत्राटदार दोघंही बघायला आले होते. नवरा वाती पेटवून दोरानं वर आला आणि आम्ही सगळे बांधाआड पळालो. मी नऊ बोटं उभी धरून एकेक मिटत मोजत होते. पाचवा आणि सहावा अगदी लगोलग आले, पण दोन होते. मग सातवा, आठवा. मी नवव्याची वाट बघत राहिले. एक बोट उरलं.

"झालं नऊ," नवरा म्हणाला आणि उठला.

मी त्याच्याजवळ जाऊन हळूच बोलले, "आवं, आठच झालं."

"मधी दोन एकदम उडालं."

"ते दोन मी धरल्यात. आठच हायती. थांबा जरा."

मालकानं ऐकलं. "लायसन कुणाचं हाय रं?" तो मोठ्यानं म्हणाला. "तुझं का तुझ्या बायकूचं?"

गडी हसले. नवऱ्यानं मला एक मुस्काटात दिली आणि विहिरीकडं चालू लागला. मी मागनं जाऊन त्याची कंबर धरली. त्यानं मला फरफटत नेलं, मग वळून लाथ घातली. ती तोंडावर बसली आणि समोरचा दात तुटला. तोवर तो काठावर बसून दोर धरत होता, एक पाय आत सोडलेला, दुसरा गुडघ्यात दुमडून वर.

शेजारीच फोडलेल्या दगडांचा ढीग होता. दोन्ही हातांनी उचलता येईल असा एक दगड मी घेतला आणि त्याच्या वरच्या गुडघ्यावर घातला. हाड फुटल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. तो किंचाळत काठाच्या अलीकडं पडला. मी दगड पुन्हा उचलला आणि पुन्हा त्याच गुडघ्यावर घातला.

मग मुकादम आणि आणखी दोघं माझ्यावर तुटून पडले. मुकादमानं झिंज्या धरून माझं तोंड खडीत दाबलं. "नवऱ्याचा जीव घेतीस व्हय गं, रांडं?" बरगडीत लाथा बसत होत्या. एकीकडनं दुसरीकडं तोंड वळवायचाही अवकाश मिळत नव्हता. तेवढ्यात माझ्या पोटाखालची जमीन उचलली गेली.

नववा उडाला होता. विहिरीतून धूर आणि दगड वर आले. दोर बांधलेला लाकडी खांब उन्मळून आत पडला. एक दगड मुकादमाच्या खांद्यावर आला आणि तो मला सोडून मटकन खाली बसला. धुरळा बसला. मालकाचं धोतर मातीनं भरलं होतं आणि तो ते झटकतही नव्हता.

नवरा पडल्या जागेवरून माझ्याकडं बघत होता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"पैला दगूड कळला मला," तो म्हणाला. "दुसरा का घातलास?"

माझ्या तोंडात रक्त होतं. ते मी थुंकले. पहिला दगड त्याला अडवायला होता. दुसरा उचलताना विहीर माझ्या मनातही नव्हती, आणि तो घातल्यावर मला बरं वाटलं होतं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याला माहीत होतं.

कंत्राटदाराच्या जीपमधून त्याला सांगलीला नेलं. दोन महिने पाय बांधून ठेवला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. मी बरगड्या आवळून बांधल्या आणि आठव्या दिवशी पाटी उचलली.

हवालदार विचारपूस करायला विहिरीवर आले. सगळं ऐकून घेतलं, मला पाठमोरं उभं केलं आणि टाळ्या वाजवल्या, वेड्यावाकड्या, लगोलग.

"किती?"

"सतरा."

त्यांनी कंत्राटदाराला सांगितलं की हिला धाडून द्या. लायसन बाईच्या नावावर झालंच नाही, ते नवऱ्याच्याच नावावर राहिलं. पण कराडच्या त्या गोदामात बसणारी मी एकटी बाई होते. पहिल्याच दिवशी चुकले तेव्हा माझ्याही हातावर छडी बसली. शेजारचा एकजण खूश होऊन हसला, तर त्याला दोन बसल्या. वाचायला मी तिथंच शिकले.

नवरा पुढं अकरा वर्षं जगला. त्यानं माझ्यावर पुन्हा हात उगारला नाही. माया आली असं मला वाटत नाही. माझ्या जवळपास दगड असला की त्याची नजर आधी त्याच्यावर जायची. भेटेल त्याला तो सांगायचा, "हिनं माझा पाय मोडला." ते खरंच होतं, म्हणून मीही मधे बोलत नसे.

कामावर मात्र आम्ही जोडीनं असायचो. लायसन नवऱ्याचं, वाती दुसरा गडी लावायचा. नवरा बांधाआड पाय लांब करून बसायचा, मी त्याच्या शेजारी. आवाज संपले की आधी तो आकडा सांगायचा, मग मी. दोघांचा जुळला नाही तर कंत्राटदार कितीही ओरडला तरी अर्धा तास कुणी हलायचं नाही. बहुतेक वेळा माझा बरोबर निघायचा. कधी कधी त्याचा.