म्हसोबाच्या चिंचेला बांधलेला ट्रक

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी फौजेत, आमच्या युनिटच्या वर्कशॉपात हवालदार होतो. एक्सरसाइज, म्हणजे युद्धसराव, आटोपून आमची कंपनी भोकरदनकडून जालना स्टेशनला निघाली होती. तिथून स्पेशल ट्रेनने थेट उत्तरेला, बर्फाच्या पोस्टवर जायचं होतं. पाण्याचा ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचं इंजिन बसलं ते नेमकं माझ्या गावाच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात. यात माझा हात नव्हता, पण ते आजतागायत कोणी मान्य केलेलं नाही.

सुभेदार साहेब हरियाणाचे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हवालदार, माँ के हाथ की रोटी खानी थी तो छुट्टी माँग लेते."

ट्रेलर नाईक कडुबाच्या ट्रकला जोडायचं ठरलं. कडुबा ड्रायव्हर, अंबड तालुक्यातला, माझा जिगरी. त्याच्या ट्रकला मागे हुक नव्हता, म्हणून बंद ट्रकचा काढून लावायचा होता. मी कडुबाच्या ट्रकखाली शिरलो आणि कपाळाला हात लावला. सकाळी एका बैलगाडीला वाट देताना कडुबाचा ट्रक मागे पुलाच्या कठड्याला लागला होता. "नुसता टेकला," असं तेव्हा कडुबा साहेबजादे म्हणाले होते. पण चेसीचं, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याचं, मागचं टोक आत दबलं होतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरीने तिरकं मोजलं, तर दोन बाजूंत दोन बोटांचा फरक. हुकचे बोल्ट भोकांत बसेनात. ठोकून बसवले असते तर ट्रेलर तिरका चालला असता आणि एखाद्या वळणावर ट्रकला घेऊन पडला असता.

पुढे गेलेल्या कंपनीकडून वायरलेस खरखरला. "ट्रक ऑन रोड की ऑफ रोड? ओव्हर."

फौजेत बंद गाडीला ऑफ रोड म्हणतात. "रिपेअर चालू. ओव्हर," मी म्हणालो.

"चारपर्यंत जालना. नाहीतर ट्रक आणि ड्रायव्हर दोन्ही मागे राहतील. आउट."

कडुबाचं तोंड उतरलं. "भानुदास, पोरं वर जातील अन् मी डेपोत टायर मोजत बसू का? काहीबी कर, पर मला मागं ठिवू नको."

कडुबाचा ट्रक एका बाजूने बंद ट्रकला जखडला. दबलेलं टोक बाहेर ओढायला दुसरीकडे पक्का आधार हवा होता, आणि त्या माळावर आधार एकच, म्हसोबाची चिंच. साखळी नेताच सोजरबाई काठी घेऊन आडवी आली. देवाची दिवाबत्ती तिच्याकडे होती.

"भान्या, फौजेत गेलास म्हणून देवाच्या झाडाला साखळदंड घालतोस का रं?"

"आजी, लई घाई हाय."

"तुला आसंल. देवाला न्हाई. मी कौल लावते, मंग बघू."

शेंदराच्या दगडावर पाणी शिंपडून तिने दोन्ही अंगांना फुलाची एकेक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळा सेक्शन बूट काढून उभा. सुभेदार साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग तेही हात जोडून उभे राहिले.

डावी पडली.

मग कडुबा पुढे झाला. "आजी, आपण इचारलंच चुकीचं. साखळी घालू का म्हणल्यावर कोणता देव हो म्हनंल? गोणपाट गुंडाळून, सालीला धक्का न लावता बांधू का, असं इचारा."

सोजरबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण पाकळ्या पुन्हा लावल्या. या वेळी उजवी पडली.

"पहले ऑर्डर क्लियर नहीं थी," साहेब गंभीरपणे म्हणाले.

खोडाला गोणपाट, त्यावर साखळी, मध्ये साखळी ताणणारी, हाताने फिरवायची विंच. मी गॅसने तापवू दिलं नाही, कारण तापवलं की चेसीचा कस जातो. थोडं ओढायचं, थांबायचं, मोजायचं. साखळी ढिली केली की चेसी पुन्हा आत, नव्या नवरीची माहेराकडे ओढ असावी तशी. शेवटी सरळच्याही किंचित पुढे ओढली आणि सोडली. ती बरोबर जागेवर येऊन बसली. दोरी दोन्हीकडून सारखी भरली. बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेले. कडुबाने मला उचलूनच घेतलं.

तोवर माझ्या आईने भाकरी आणि ठेचा पाठवला होता. साहेबांनी चार भाकरी खाल्ल्या, पण माझ्यावरचा आरोप मागे घेतला नाही.

आमच्या वर्कशॉपचा रिवाज असा, की ज्याने हुक लावला त्यानेच पहिल्या ओढीला त्या ट्रकमध्ये बसायचं. मी कडुबाशेजारी बसलो. ट्रेलर मागे सरळ येत होता. जालन्यापर्यंत कडुबा गात होता. आवाज वाईट होता, पण मी गाऊ दिलं. आम्ही वेळेत पोचलो.

त्याच हिवाळ्यात, पोस्टला रसद पोचवून परत येताना, कडुबाच्या ट्रकवर बर्फाचा कडा कोसळला.

सुटीवर आलो तेव्हा त्याच्या आईला भेटायला गेलो. तिने भाकरी टाकायला घेतली. मला राहवेना. म्हणालो, "मावशी, मी ती चेसी सरळ केली नसती तर तो मागं राह्यला असता."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मागं राह्यला असता तर जित्ता राह्यला असता, हे मला कळत न्हाई का? पर मागं ठिवलेला कडुबा मी पाह्यलाय. ल्हानपणी बापानं जत्रंला न्हेलं न्हाई, तर दोन दिस जेवला न्हवता. तू त्याला संगं नेलंस. आता जेव."

मी ताटावर बसलो आणि त्याच्यासाठी पहिल्यांदा रडलो. मावशी वाढत राहिली.