खालची बेडरूम

उपासना रामटेके नागपूरला एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. नवऱ्याच्या, म्हणजे रवीच्या नोकरीमुळे ती अमेरिकेत, अल्फारेटाला आली. वर्क परमिट हातात यायला चार वर्षं गेली. ते आल्यावर तिने विकाऊ घरांचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. भांडवल म्हणजे जुना फोन, त्यावर बसवायची वाइड लेन्स, फोन हलू न देणारा एक सेकंडहँड गिंबल आणि दोन दिवे. ड्रोन परवडत नव्हता. मग ती रंगाऱ्याच्या लांब दांड्याला फोन बांधून घर वरून शूट करायची. रेणू नावाच्या रिअल इस्टेट एजंटला तिचं काम आवडलं आणि दर आठवड्याला एखादं घर मिळू लागलं.

मार्चमध्ये रेणूने तिला एक दुमजली घर दिलं. सगळ्या बेडरूम्स वर, खाली फक्त एक छोटी खोली.

"उपासना, खालची रूम मोठी दिसायला हवी," रेणू म्हणाली. "आई-वडील सोबत राहणारे लोक तेच बघतात."

"पण रूम लहानच आहे ना."

"यार, लेन्स कशाला आहे तुझ्याकडे?"

उपासनाने वरच्या मजल्यावरचा लहान मुलाचा पलंग खाली आणवला. त्यावर पांढरी चादर घातली, उशा रचल्या. कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकवून, फोन कमरेच्या उंचीवर धरून तिने खोली टिपली. व्हिडिओत तिथे डबलबेड आहे आणि भोवती ऐसपैस जागा आहे असं वाटत होतं. चौथ्या दिवशी घर विकलं गेलं. रेणूने केक पाठवला. उपासनाने तो आवडीने खाल्ला.

मे महिन्यात बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात एक नवं कुटुंब आलं होतं. ज्ञानदेव कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून बदली होऊन आला होता. त्याच्या आई, कांतामावशी, व्हीलचेअरवर होत्या. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती. जेवताना उपासनाने सहज विचारलं, "घर सेट झालं का?"

"कसलं सेट होतंय, ताई," ज्ञानदेव म्हणाला. "आईला सोडून येता येत नव्हतं, म्हणून व्हिडिओ बघूनच घेतलं. खाली बेडरूम आहे म्हणून. आता आईचा हॉस्पिटल बेड लावला की व्हीलचेअर आत जात नाही. आई हॉलमध्ये झोपते, पडदा लावून."

"इन्स्पेक्शन नाही केलं?"

"केलं ना. छप्पर बघितलं, पाइप बघितले. पलंग मावतो का, ते कोण बघणार?"

घर कुठल्या रस्त्यावर आहे, ते त्याने सांगितलं. मार्चमध्ये उपासनाने शूट केलेलं तेच ते घर होतं. शेजारी बसलेल्या मावशी डाव्या हाताने खीर खात होत्या. थोडी पदरावर सांडली. उपासनाने ती पुसली आणि घाईने उठून गेली.

आठवडाभर ती स्वतःला समजावत राहिली. घर रेणूने विकलं, ज्ञानदेवने विकत घेतलं, आपण फक्त व्हिडिओ काढला. पण पलंग खाली आणवला होता तो तिनेच. रवीला सांगितल्यावर तो म्हणाला, "सगळेच करतात असं." त्या बोलण्याने तिला बरं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी ती एकटीच त्यांच्याकडे गेली. "जय भीम, या ना," म्हणत ज्ञानदेवने दार उघडलं. हॉलमध्ये निळ्या चादरीचा पडदा, त्यामागे मावशींचा बेड. बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं. लेन्स, लहान पलंग, सगळं.

ज्ञानदेव म्हणाला, "मी तो व्हिडिओ वीसेक वेळा बघितला असेल, ताई. आईला दाखवून विचारलं होतं, खिडकीकडे डोकं करायचं की दाराकडे."

पडद्याआडून मावशींचा जड आवाज आला. "काहून सांगायला आलीस आता? तुझं मन हलकं करायला?"

उपासनाला खोटं बोलता येईना. "हो, मावशी. तेही आहे."

"माझं काय हलकं होते त्याने?"

ज्ञानदेवने चहा विचारला नाही. दारापर्यंत सोडायलाही तो आला नाही.

पुढच्या शूटला तिने खोलीत मेजरिंग टेप धरून लांबी-रुंदी दाखवली. रेणूने तो भाग कापायला सांगितला, उपासनाने नकार दिला. त्यानंतर रेणूचे फोन बंद झाले. काम निम्म्यावर आलं. पण आधीचे व्हिडिओ तिला परत घेता येणार नव्हते, आणि त्यांतल्या किती घरांत कोण कुठे पडदा लावून झोपतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

ज्ञानदेवला फोनवर विचारून ती पुन्हा मावशींकडे गेली. मन हलकं करायला गेले नाही, असं ती म्हणत नाही. ज्ञानदेव ऑफिसला गेलेला असतो तेव्हा, मदतनीस बाई निघून गेल्यावर, मावशींना दुपारी दोन-तीन तास एकटं राहावं लागतं, एवढं तिला कळलं होतं. पहिल्या दिवशी मावशींनी तिला नुसतं बसू दिलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "बसून काय राहतेस? केसाला तेल लावून दे."

आता ती मंगळवारी आणि गुरुवारी जाते. मावशींना व्यायाम करवते, त्यांच्या शिव्या खाते. ज्ञानदेव अजूनही तिच्याशी कामापुरतंच बोलतो. त्यात त्याचं काही चुकतं, असं तिला वाटत नाही.