दोन पात्यांचे सूर्यचंद्र

आमच्या ड्रॉइंग क्लासातली म्हातारी मंडळी जमली की चित्रांचा विषय कधी निघत नाही. चित्रं कोणाला येत होती! किस्से मात्र लोणच्यासारखे दरवर्षी मुरत गेले. त्यातले निम्मे माझ्या फजितीचे आहेत, तेव्हा इतरांनी तिखटमीठ लावण्याआधी मीच सांगून टाकतो.

देवासच्या आमच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. मागे टांगायला मांजरपाटाच्या मोठ्या कापडावर सूर्य आणि चंद्र काढायचे होते. धारहून आलेल्या ड्रॉइंग मास्तरांनी ते काम मला दिलं. मी चित्रं बरी काढत असे म्हणून नव्हे, तर माझं अक्षर इतकं वाईट होतं की पाट्या रंगवायला मी निरुपयोगी होतो.

माझे वडील, नाना, कचेरीत कारकून होते. त्यांनी चष्म्यावरून रोखून बघत अट घातली, "एका तरी माणसानं न विचारता त्यातला चंद्र ओळखला, तर ड्रॉइंग चालू ठेव. नाही तर सोमवारपासून कचेरीत उमेदवारी." जन्मभर दौतीत टाक बुडवायचा या कल्पनेनं मला रडूच आलं.

*

सूर्याला चेहरा हवा, जरा उग्र हवा, असं मास्तर म्हणाले. उग्र चेहरा मला एकच पाठ होता. दोन दिवस खपून तो काढला. मास्तरांनी लांबून पाहिला, जवळून पाहिला आणि हळूच विचारलं, "सूर्याला चष्मा कशाला?"

चेहरा पुसला.

*

टोंकखुर्दचा रामलाल मला रंग कालवून देई. एकदा पिवळ्या पेवडीत गेरू जास्त पडला. मी दामटून तोच फासला. रामलालनं विचारलं, "भिया, यो सूरज हे के बाफलो?"

बाफला म्हणजे आमच्या माळव्यातला कणकेचा, तुपात बुडवलेला गोळा. जेवणाची सुट्टी जवळ आली होती, त्यामुळे वर्गातल्या सगळ्यांना तो बाफलाच वाटला. खरं सांगायचं तर मलाही.

*

देवासला तेव्हा राजे दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण सगळ्याचे दोन वाटे. आमचा वर्गही तसाच निम्मा निम्मा. सूर्य थोरल्या पातीच्या मुलांनी आपला म्हणून टाकला आणि चंद्र धाकटीच्या वाट्याला आला. लगेच दुसऱ्या दिवशी धाकटीची मुलं सुतळी घेऊन मापायला हजर. चंद्र दोन बोटं लहान भरला!

मी चंद्र वाढवला. मग सूर्य एक वीत उंचावर आहे, असं निघालं. खाली आणला. मग सूर्याला सोळा किरण आणि चंद्राला एकही नाही, हा अन्याय. चंद्राला सोळा किरण काढले. मग पिवळा रंग पांढऱ्याहून उठून दिसतो, अशी तक्रार आली, म्हणून दोघांना पिवळा दिला.

भांडण मिटलं. माझ्या न्यायबुद्धीचं मास्तरांनी कौतुक केलं. त्यानंतर मी चार पावलं मागे जाऊन कापडाकडे पाहिलं आणि मला नानांची अट आठवली.

*

शेवटचा उपाय म्हणून चंद्रात ससा काढला. तासाभरात थोरल्या पातीची मुलं जनावर मागायला आली. सूर्याच्या सात घोड्यांपैकी एक मी कबूल केला. घोडा मला येत नव्हता. जे येत होतं तेच तिथेही झालं.

*

समारंभ शनिवारी झाला. इंदूरहून आलेले पाहुणे कापडापुढे थांबले आणि मनापासून म्हणाले, "वा, दोन्ही सूर्य फार सुंदर!" मागच्या रांगेत नाना बसले होते. मी कापड गुंडाळून घरी आणल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की सोमवारी धुतलेला अंगरखा घाल.

*

रविवारी संकष्टी होती आणि आभाळ गच्च भरलेलं. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ टळून गेली, पण माईचा, म्हणजे माझ्या आईचा, नेम कडक होता. चंद्र दिसल्याशिवाय ती जेवत नसे, आणि ती जेवल्याशिवाय आम्हीही नाही. शेवटी ती मला म्हणाली, "तुझं ते कापड आण."

मी ते भिंतीला टांगलं. माईनं फूल घेतलं, क्षणभरही न घुटमळता डावीकडच्या गोळ्याला वाहिलं, हात जोडले आणि पानं मांडायला वळली.

"हाच चंद्र, हे कशावरून?" नानांनी विचारलं.

"मी सकाळपासून उपाशी आहे," माई म्हणाली.

नाना माझ्याकडे वळले. खोटं बोललेलं त्यांना मुळीच खपत नसे. "काय रे, बरोबर ओळखला का तिनं?"

फूल सूर्यावर होतं.

"हो," मी म्हणालो. "मग उद्या शाळेतच जा," म्हणत नानांनी पळीभर पाणी घेऊन सूर्याला चंद्राचं अर्घ्य दिलं, आणि आम्ही जेवायला बसलो.