नवसाचा कोंबडा आणि म्हातारा जादूगार

डहाणूच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना गॅदरिंगमध्ये मी म्हातारा जादूगार केला आणि नंतर चार वर्षं तो माझ्या अंगावरून उतरलाच नाही. हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण मी काही कलाकार नव्हतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वर्गात बोलायला उभा राहिलो की शब्द घशातच अडकायचे. म्हातारा झालो की अडकायचे नाहीत. म्हणजे अडकायचेच, पण लोकांना ती म्हाताऱ्याची गंमत वाटायची.

लहानपणी वेवजीच्या शाळेत असा एक जादूगार खरंच यायचा. पत्र्याची पेटी, कोपरावर विरलेला काळा कोट. त्याच्या हातून पत्ते गळायचे, बाहीतला रुमाल वेळेआधीच लोंबायला लागायचा. आम्ही पोरं हसलो की तो घाई करायचा आणि आणखी चुकायचा. त्याला चुकायचं नसायचं. मी मात्र चुकण्याची तालीम करायचो.

माझा म्हातारा वाकून, काठी टेकत स्टेजवर यायचा. बराच वेळ खाकरायचा. एवढ्यावरच लोक हसायला लागायचे. मग म्हणायचा, "मंडळी, मागच्या खेळात मी माझा चष्मा गायब केला. तो अजून सापडलेला नाही." चष्मा कपाळावर असायचा. "आमच्या गावची एसटी गायब करायला मला जादू लागली नाही, ती आपोआप झाली." शेवटी कोंबडा गायब करायचा खेळ. कोंबडा टोपलीखाली ठेवायचा, मंत्र म्हणायचा, टोपली उचलायची. टोपली रिकामी. म्हातारा छाती फुगवून टाळ्या घेत, खाकरून समोरच्या हवेत कोंबड्याला हाका मारत असताना पडदा लावलेल्या टेबलाखालून कोंबडा निवांत चालत बाहेर येई आणि त्याच्या मागे उभा राहून दाणे टिपू लागे. म्हाताऱ्याला ते शेवटपर्यंत दिसायचं नाही.

खरं तर कबुतर हवं होतं, पण ते आणायचं कुठून? घरी कोंबडा होता. फक्त तो आमचा नव्हता, देवाचा होता.

२०१४ साली मी कॉलेजात नाव घातलं, तेव्हाच आईने नवस बोलला होता. पोरगा पंधरावी पास झाला की दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीला वाघोबाला, आमच्या रानाच्या देवाला, कोंबडा. त्यासाठी तिने एक पिल्लू बाजूला काढलं. तांबडं, शेपटीत एक पांढरं पीस. गॅदरिंगसाठी मी तो कोंबडा मागितला तेव्हा ती भात पाखडत होती.

"देवाचा कोंबडा नाचवायला नेतोस?"

"नाचवायला नाही. गायब करायला."

तिने सूप खाली ठेवलं. "गायब?"

"खोटं खोटं, आई. परत येतो तो."

"आला पाहिजे," ती म्हणाली. "तू नाही आलास तरी चालेल."

मी त्याला घरामागच्या खळ्यात शिकवलं. पानावर मांडलेले दाणे समोर दिसले तरी जायचं नाही. आधी गेला की मी त्याला हाताने मागे सारायचो. म्हाताऱ्याने खाकरून हाक मारली, "या साहेब, या, पब्लिक वाट बघतंय," की मगच जायचं. माझ्या साध्या आवाजाला तो हलायचा नाही, म्हाताऱ्याच्या कापऱ्या आवाजालाच यायचा. का ते मला माहीत नाही. वर्गातही माझं तसंच होतं.

पहिल्या वर्षी खेळ खूप गाजला. मग बोलावणी येऊ लागली. गणपतीत, नवरात्रात गरब्याच्या दोन फेऱ्यांमध्ये, कुणाच्या हळदीला, शाळांच्या कार्यक्रमांना. डहाणूजवळच्या आगरला समुद्राच्या वाऱ्यात माईक घोंगावत होता आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "कोंबडा काय गायब करतोस बाबा, ते आमच्या मांजरीला पण येतं. बोंबील परत आणून दाखव." सगळे माझ्यापेक्षा तिच्या बोलण्याला जास्त हसले, आणि ते बरोबरच होतं. तलासरीहून निघालेल्या एसटीत टोपली मांडीवर असायची. कंडक्टर विचारायचा, "काय रे, साहेबांचं फुल काढू का हाफ?"

सुरुवातीला हे सगळं आवडायचं. कधी नकोसं झालं ते नेमकं सांगता येत नाही. कोट जाड होता, घामाने आतून कडक झालेला. वाकून चालून पाठ दुखायची, ती खेळ नसतानाही दुखायची. तिसऱ्या वर्षी वर्गात प्रकल्प वाचायचा होता. मी आमच्या पाड्यातल्या पाण्यावर लिहिलं होतं. उन्हाळ्यात झऱ्यावर बायका वाटीने पाणी भरतात, एक वाटी भरायला किती वेळ बसावं लागतं, असं. जरा मन लावून लिहिलं होतं. उभा राहिलो, घसा कोरडा पडला म्हणून खाकरलो. वर्ग हसला. सरही हसले. कोणी वाईट नव्हतं, त्यांना वाटलं मी म्हातारा करतोय. मी वाचत राहिलो, पण ते प्रत्येक वाक्यानंतर चष्म्याच्या विनोदाची वाट बघत होते. शेवटी मी दोन पानं गाळली आणि खाली बसलो.

त्याच वर्षी एक विषय राहिला. एटीकेटी. पुन्हा दिला, पुन्हा राहिला. मित्रांना नवसाचं माहीत होतं. कँटीनमध्ये एक जण म्हणायचा, "भावा, तू पास होऊच नको. तुझ्या नापासावर एक जीव जगतोय." दुसरा म्हणायचा, "पेपर सोपा गेला तर आधी कळव, मी मसाला घेऊन ठेवतो." मीही हसायचो. पाड्यात मात्र कोणी हसत नव्हतं. पाणवठ्यावर बायका आईला विचारायच्या, "अजून राहिलाच का गं तुझा नवस?" ती घरी येऊन कोंबड्याला जरा जास्त दाणे टाकायची.

२०१८ मध्ये पास झालो. घरी येऊन सांगितलं. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग तिची नजर अंगणात गेली. माझीही गेली. तो उकिरडा उकरत होता.

मी बरेच दिवस विचार करत होतो. आम्ही कोंबडी खाणारी माणसं आहोत, मला यात नाटक करायचं नव्हतं. पण त्याच्याबरोबर मी जेवढे रस्ते फिरलो तेवढे कुठल्या मित्राबरोबर फिरलो नव्हतो. एका संध्याकाळी आईला विचारलं, "दुसरा दिला तर? चांगला, तरणा?"

"दुसरा कशाला? पास तू झालास का दुसरा कोण?"

"तसं नाही."

"चार वर्षं राखलाय त्याला. मुंगूस आलं, पाहुणे आले, तुझा मामा दोनदा आला. कोणाला हात लावू दिला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एवढं माझं होऊ दे. मग मी मोकळी."

ती किती थकली होती ते मला तेव्हा दिसलं. दुसऱ्यांच्या चिकूच्या वाड्यांत मजुरीला जाऊन तिने मला शिकवलं, हे मला ठाऊक होतंच. पण नवसाचंही एक ओझं असतं, आणि ते ती एकटीच वाहत होती, हे मी कधी मोजलं नव्हतं.

वाघबारशीला सकाळी पाड्यातले सगळे रानाच्या कडेला जमले. तिथे झाडाखाली शेंदूर लावलेली, वाघ कोरलेली वाघोबाची लाकडी फळी आहे. आमच्याकडे कोंबडा देवाला देण्याआधी त्याच्यापुढे तांदूळ ठेवतात. त्याने टिपले तर देवाने घेतला. नाही टिपले तर देव नाराज, घरात काही चुकलंय. एका घराचा कोंबडा असाच टिपेना, तर पुढे वर्षभर त्यांच्याकडे कोणाला साधा ताप आला तरी लोक तेच बोलत होते.

पाड्याची पूजा करणाऱ्या भगताने पळसाच्या पानावर तांदूळ ठेवले. बाबांनी कोंबडा खाली सोडला.

तो उभा राहिला. तांदळाकडे पाहिलं, मग बाजूला पाहिलं. मी शिकवलं होतं तसाच, शहाण्यासारखा उभा राहिला.

"थांबा, वेळ द्या त्याला," बाबा म्हणाले.

वेळ गेला. भगताने आणखी चार दाणे टाकले. कोंबड्याने एक पाय वर घेतला आणि तसाच राहिला. मागे कुजबुज सुरू झाली. भगत आईकडे वळून म्हणाला, "बोलताना काही कमी-जास्त बोललीस का बाई? आठव." बायका जरा लांब उभ्या होत्या. आई त्यांच्यातून एक पाऊल पुढे आली आणि नुसती मान हलवत राहिली. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ती चार वर्षांपूर्वीचे शब्द पुन्हा म्हणून बघत होती, कुठे चुकलं ते शोधत होती.

चुकलं काहीच नव्हतं. हे तिथे फक्त मला माहीत होतं, आणि कदाचित कोंबड्याला.

मी गप्प राहिलो असतो तर तो त्या दिवशी वाचला असता. देवासमोर म्हाताऱ्याचं सोंग आणायचं, तेही भगताच्या पुढ्यात, याची भीतीही वाटत होती. मग आईने पदर तोंडावर घेतला.

मी खाकरलो. कोंबड्याने मान वर केली.

पाठ आपोआप वाकली. हात कापायला लागला, तो मी कापवत होतो की खरंच कापत होता, सांगता येणार नाही. "या साहेब," मी म्हणालो, "या. पब्लिक वाट बघतंय."

तो तुरुतुरु आला आणि तांदूळ टिपू लागला. पानावरचे सगळे टिपले. मागे दोन-तीन पोरं फिस्स करून हसली, कोणीतरी त्यांना दटावलं. भगत माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "घेतला," आणि पुढे वाकला.

मी दुसरीकडे बघितलं. नंतर सगळ्यांबरोबर पानावर वाटा आला तो खाल्ला. नाही खाल्ला असता तर आईला ते दिसलं असतं.

संध्याकाळी ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. चेहरा मोकळा वाटत होता, तरी ती झोपायला जात नव्हती. ती कधी माझ्या खेळाला आली नव्हती. डहाणू लांब, आणि मजुरी बुडवून कोण येणार?

"कॉलेजात तू तेच करायचास?" तिने विचारलं.

"हो. अजून थोडं असायचं. पण तेच."

"आणि लोक हसायचे?"

"खूप."

ती बराच वेळ गुडघा चोळत राहिली.

"मला तर तो म्हातारा दमलेला वाटला," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसलो आणि पाठ भिंतीला टेकली.