मागे सरकत गेलेली खुर्ची

आबा व्हिडिओ गेममध्येसुद्धा लाल सिग्नलला थांबत. पडद्यावरच्या त्या परदेशी शहरात मागून येणाऱ्या गाड्या त्यांना घासून पुढे निघून जात आणि आबा रिमोट मांडीवर टेकवून दिवा हिरवा व्हायची वाट बघत. माझी मुलगी रेवा सुट्टीला आली की शेजारी बसून कपाळावर हात मारून घेई.

"आबा, इथे पोलीस नसतो हो!"

"पोलीस नाय म्हणून सिग्नल नाय का?" आबा म्हणत. मग दिवा बदलला की सावकाश गाडी काढत. शर्यतीत शेवटचा नंबर येई. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

आबा म्हणजे माझे सासरे. ओझरच्या विमान कारखान्यातल्या कामगारांची ने-आण करणारी बस त्यांनी नोकरीभर चालवली. नाशिक ते ओझर आणि ओझर ते नाशिक, तोच रस्ता, तीच वळणं. "विमान बनवणारी माणसं पोचवली मी, पण विमानात काय बसलो नाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यात तक्रार नसे, माहिती असे. रेवाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तिने तिचं गेमचं यंत्र इथेच ठेवलं. मी म्हटलं, धूळ खाईल, कुणाला तरी देऊन टाकू. ती म्हणाली, "आबांना दिलंय." आणि आबांच्या आयुष्यात पहिल्यांदा ओझरखेरीज दुसरे रस्ते आले.

माझं इंदिरानगरात शिवणाच्या साहित्याचं दुकान आहे. दुपारी जेवायला घरी यावं तर बैठकीतले पडदे ओढलेले असत. बाहेर रणरणतं ऊन आणि आत निळसर उजेड. टीव्हीवर समुद्राच्या कडेकडेने एक रस्ता गेलेला आणि त्यावरून आबांची पांढरी गाडी चाललेली. शर्यत केव्हाच संपलेली असे, पहिले आलेले आपापल्या घरी गेलेले असावेत. आबा एखाद्या वळणावर गाडी बाजूला घेत आणि खालच्या पाण्याकडे बघत बसत. इंजिनाची बारीक घरघर पंख्याच्या आवाजात मिसळून जाई. कधी न पाहिलेल्या त्या देशातली संध्याकाळ आमच्या फरशीवर पसरलेली असे आणि दारात चप्पल काढताना मलाही क्षणभर पाऊल कुठे टाकावं ते कळत नसे.

"आबा, जेवायला वाढते."

"थांब, एवढा घाट उतरतो."

"भाजी गार होतेय."

"घाटात जेवत नसतात, मीनल."

मग मी ताट झाकून ठेवी आणि माझं माझं जेवून घेई. दुकान काही त्यांच्या घाटासाठी थांबणार नव्हतं.

तेव्हा आमचा टीव्ही जुना आणि लहान होता. आबांची हिरवी प्लास्टिकची खुर्ची सोफ्याच्या ओळीत असे आणि त्यांचं छान चाले. दिवाळीला रेवाने हौसेने नवा टीव्ही आणला, जवळजवळ भिंत भरेल एवढा. माझा नवरा सुधीर क्रिकेट बघून खूष झाला. आबांनी मात्र त्याच खुर्चीवर बसून पहिल्याच वळणाला गाडी समुद्रात घातली. दुसऱ्यांदाही घातली. "रस्ता लय मोठा केला हिनं," असं पुटपुटत त्यांनी खुर्ची सोफ्याच्या मागे नेली. आठ-पंधरा दिवसांनी ती जेवणाच्या टेबलाशी गेली. संक्रांतीपर्यंत तिने स्वयंपाकघराचं दार अडवलं. मला पोळ्यांचा डबा घेऊन त्यांना वळसा घालावा लागे.

"आणखी मागे गेलात तर कुकरशेजारी बसाल," मी म्हटलं.

"चालंल. तिथून बी दिसतं."

रेवाने फोनवर त्यांना समजावलं होतं. टीव्ही मोठा असेल तर मागे बसायचं, लहान असेल तर पुढे. मोठ्या पडद्याच्या फार जवळ बसलं तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर धावत राहते आणि वळण उशिरा दिसतं. फार लांब बसलं तर बारीकसारीक खुणा दिसत नाहीत. "आपल्याला मान न हलवता सगळा पडदा दिसला पाहिजे, पण डोळेही बारीक करावे लागू नयेत. ती आपली जागा," ती म्हणाली. आबांना हे एकदम पटलं. पण रेवाने पुढे विचारलं, "पण तुम्ही किचनपर्यंत कसे गेलात? मी तर सोफ्यावरून आरामात खेळते." त्यावर आबांनी तिला पुण्यातल्या पाण्याबद्दल विचारलं.

उन्हाळ्यात त्यांनी स्कूटर हातगाडीवर घातली. रोज सकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात जाऊन मेथी, कोथिंबीर आणणं हा त्यांचा नेम होता. परतताना हायवेखालच्या बोगद्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या फुलवाल्याच्या गाडीला डाव्या बाजूने धडक बसली. आबांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. शेवंतीच्या पाकळ्या मात्र त्यांच्या सदऱ्याला चिकटून घरापर्यंत आल्या.

"हातगाडी एकदम आली," ते म्हणाले.

"हातगाडी उभी होती, आबा."

"मग उभी एकदम आली."

सुधीर खिडकीतून बाहेर बघत राहिला. वडिलांना नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही. मी खुंटीवरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. आजही तेच करीन. आबा चिडले नाहीत, पण दोन दिवस खेळलेही नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "किल्ली गेली की माणूस त्या सोफ्यासारखा होतो बघ. ठेवला तिथं ठेवला." आणि मग पैज सांगितली. सोसायटीच्या गणपतीत यंदा पोरं मोठ्या पडद्यावर गाड्यांच्या शर्यतीची स्पर्धा घेणार होती. तिच्यात आपण पहिल्या तिघांत आलो तर किल्ली परत द्यायची, कारण मग डोळे आणि हात शाबूत आहेत हे सिद्ध झालं. मी कबूल केलं. आबा सिग्नलला थांबणारे. त्यांचा कसला नंबर येतोय, असं मला वाटलं.

पण त्यानंतर गणपतीपर्यंत आबांनी एकदाही समुद्राकडे बघितलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात बसून ते फक्त शर्यत खेळले. माझ्या कढईच्या चरचराटात त्यांच्या टायरांचा आवाज मिसळे.

स्पर्धा खाली पार्किंगमध्ये होती. एका टोकाला गणपती, दुसऱ्या टोकाला पांढरा पडदा आणि मध्ये सतरंज्या. प्रत्येकाला दोन संध्याकाळी एकेक फेरी मिळणार होती आणि त्यातली चांगली धरायची होती. पहिल्या संध्याकाळी आरती झाल्यावर सेक्रेटरी खैरनारांनी आपल्या घरचा सोफा खाली आणवला, पडद्याच्या अगदी पुढ्यात ठेवला आणि आबांना हाताला धरून त्यावर बसवलं. "स्पर्धेतले सगळ्यात ज्येष्ठ! त्यांचा मान पहिला!" टाळ्या पडल्या. सुधीरने फोटो काढला. मलाही ते तेव्हा बरंच वाटलं.

आबांच्या पुढे इमारतीएवढा रस्ता उभा राहिला. ते मान डावीकडे फिरवत, तोवर उजवीकडचा कठडा आलेला असे. उजवीकडे बघत, तोवर डावीकडून कुणी घासून गेलेलं. गाडी शेतात गेली, कुंपणात गेली, एकदा उलटी फिरून आली त्या दिशेला निघाली. पोरं हसली, त्यात दुष्टपणा नव्हता. आबांचा नंबर शेवटचा. ते उठले आणि सोफ्याचा हात धरून जरा वेळ उभे राहिले. त्यांना चक्कर आली होती.

घरी येऊन त्यांनी रेवाला फोन लावला. "लय जवळ बसवलं राव मला."

"किती मोठा होता पडदा?"

"तुझा टीव्ही त्याच्या खिशात जाईल."

"आणि तुम्ही पहिल्या रांगेत? आबा, त्यांनी मान देऊन तुमचा काटाच काढला. उद्या शेवटी बसा. एकदम शेवटी."

दुसऱ्या दिवशी नाव पुकारल्यावर आबा पुढे गेलेच नाहीत. आपली हिरवी खुर्ची त्यांनी घरून आणली होती. ती घेऊन ते लिफ्टकडे गेले, जिथे सगळ्या सोसायटीच्या चपलांचा ढीग पडला होता. पायाने दोन-चार जोड बाजूला सारून त्यांनी तिथे खुर्ची मांडली.

खैरनार धावत आले. "आबा, अहो चपलांपाशी? लोक म्हणतील, म्हाताऱ्या माणसाला कुठे बसवलं!"

"मान ठेवा तिथंच सोफ्यावर," आबा म्हणाले. "मी हितं बसतो."

"आबा, घरी चला," सुधीर हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. बायका माझ्याकडे बघायला लागल्या; सासऱ्यांना चपलांत बसलेलं बघून सून गप्प कशी, असं त्यांना वाटत असणार. मी सतरंजीवरच्या मंडळींना माना खाली घेऊन बसायला सांगितलं, म्हणजे आबांना पडदा दिसेल.

मी आबांच्या मागे जिन्याच्या पायरीवर उभी होते. तिथून तो पडदा दूरच्या एखाद्या उजळलेल्या खिडकीसारखा दिसत होता. उदबत्तीचा धूर प्रोजेक्टरच्या झोतात तरंगत होता आणि त्या धुराच्या पलीकडे एक छोटी पांढरी गाडी घाट चढत होती. आबांची मान हलत नव्हती. नुसते अंगठे हलत होते. वळण येण्याआधी गाडी वळत होती, जणू रस्ताच तिला विचारून पुढे जात होता. पार्किंगमधला गोंगाट हळूहळू खाली बसला. सगळे पडद्याकडे तोंड करून होते आणि गाडी चालवणारा त्यांच्या पाठीमागे, चपलांच्या ढिगात, शांत बसला होता.

आबांचा दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा मी अजून रव्याला वापरते.

सकाळी मी पर्समधून किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. कबूल केलं होतं. त्यांनी स्वच्छ सदरा घातला, पिशवी घेतली आणि खाली गेले. मी गॅलरीतून बघत होते. त्यांनी सीट पुसली, स्कूटरवर बसले, किल्ली लावली. तेवढ्यात खैरनारबाई दुधाची पिशवी घेऊन त्यांच्या डाव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या. चांगल्या हातभर अंतरावर. आबा समोर बघत होते. बाई बोलल्या तेव्हा ते एवढे दचकले की त्यांची भाजीची पिशवी खाली पडली. बाई हसून अभिनंदन करून गेल्या. आबा तसेच बसून राहिले. मग किल्ली काढली आणि जिना चढून वर आले.

"काय झालं?"

"बाई दिसल्या नाय मला."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"काल मी मागं सरकलो म्हणून सगळं मावलं डोळ्यात," ते म्हणाले. "रस्त्यावर कुठं सरकू?" त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "डोळेवाल्याकडं कधी जायचं?"

काचबिंदू निघाला. कडेची नजर बरीच गेली होती, मधली शिल्लक होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकवायचं. आबांनी विचारलं, "गेम खेळलो तर चालंल?" डॉक्टर हसून म्हणाले, चालेल. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "दिवाळीपासून तो टीव्ही बोंबलून सांगत होता. मला वाटलं, टीव्हीच मोठा झालाय."

स्कूटर मी वापरायला लागले. आठवड्यातून एकदा दुकान बंद असे तेव्हा आबांना मागे बसवून त्र्यंबकच्या रस्त्याला नेई. देवळापर्यंत आम्ही क्वचितच गेलो. डोंगर समोर आले की ते माझ्या खांद्यावर टकटक करत. मी गाडी बाजूला घेई. ढग डोंगरांच्या अंगावरून सावकाश सरकत असत, हिरवं मध्येच काळं होई, पुन्हा हिरवं होई. आबा बघत राहत. मी फोनवर दोऱ्यांच्या ऑर्डरी देऊन टाकी. "आणखी पुढे नेऊ का?" विचारलं तर म्हणत, "नको. जवळ गेलं की तुकडा दिसतो."

पुढे नजरेचा घेर आणखी आत आला. खेळ सुटला. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ झाला म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं. एका सकाळी मी पेज घेऊन गेले, पलंगाशी उभी राहून उशी नीट केली, सदऱ्याचं बटण लावलं. ते माझ्या हाताकडे बघत होते, मग कोपराकडे, मग खांद्याकडे.

"मीनल, जरा दाराशी जा," ते म्हणाले.

नर्सला वाटलं, त्यांना माझा त्रास होतोय. तिने मला खूण केली की बाहेर थांबा. मी बाहेर गेले नाही. पेजेचा डबा हातात घेऊन दारात जाऊन उभी राहिले आणि त्यांच्याकडे तोंड केलं. आबांची मान उशीवर स्थिर होती. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हां," ते म्हणाले. "आता सगळी दिसतीस."

पेज गार होत होती. मी तिथेच उभी राहिले.