आधी कान, मग दुर्बीण

गप्प बसणाऱ्या माणसाकडे किस्से फार साचतात. बोलणारे सांगून मोकळे होतात! माझं माहेर अकोल्याचं. लग्न होऊन अमरावतीला आले. नवरा रविवारी उशिरा उठतो, म्हणून सासऱ्यांसोबत, म्हणजे मामाजींसोबत, छत्री तलावाकडे पक्षी ऐकायला जाऊ लागले. हो, ऐकायलाच! तिथल्या पक्षीमित्रांच्या ग्रुपचा नियम असा: आवाज आला की दुर्बीण पिशवीत, प्रत्येकानं चिठ्ठीवर नाव लिहायचं, मग चिठ्ठ्या वाचायच्या. वाद झाला तर मामाजींचा शब्द शेवटचा.

* * *

ग्रुपमधले हबीबचाचा टेलर. झुडपातून काहीही वाजलं की त्यांच्या चिठ्ठीवर 'शिंपी'.

"चाचा, दर वेळी शिंपीच कावून?"

"आपल्या धंद्यावाल्याले आपण नाही तं कोण विचारन?"

आणि शिंपी पक्षी इतका बोलका, की बऱ्याचदा चाचाच बरोबर निघतात!

* * *

शिंपी आणि वटवट्या, दोघंही एकच शब्द घोकत बसतात. ग्रुपमधल्या वानखडे मॅडमनी मला फरक शिकवला. "शिंपी म्हणतो, 'फुकट दे, फुकट दे'. वटवट्या म्हणतो, 'विकत घे, विकत घे'."

चाचा म्हणाले, "मॅडम, तुमचे पाखरं बाजार समितीतून आले काय?"

* * *

नवऱ्यानं माझ्या मोबाईलमध्ये आवाज ओळखणारं ॲप टाकून दिलं. मी मोठ्या ऐटीत ते झाडाखाली धरलं. तेवढ्यात चाचा खोकलले. स्क्रीनवर फोटोसकट नाव आलं, युरोपातला कुठलासा पक्षी!

"माह्यापाशी तं पासपोर्टबी नाही ना!"

* * *

फाल्गुनात मामाजींना ताप आला. मी काखेत थर्मामीटर दिलं. "वाजलं का काढतो," म्हणाले. ते वाजलं. परत वाजलं. मामाजी आपले पेपर वाचत, वाजायची वाट पाहत!

म्हणजे बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. ग्रुपमध्ये हे कळलं, तर हा माणूस रविवारी घराबाहेर पडणार नाही, एवढं मला समजत होतं. मी कोणाला काही बोलले नाही. पुढच्या रविवारपासून ते काय लिहितील याचा अंदाज घेऊन मीही तेच लिहू लागले. दोघांचं एकमत झाल्यावर वाद कोण घालतो?

* * *

चैत्रातली सकाळ. आंब्यावरच्या बांडगुळात कोणीतरी चिक-चिक करत होतं, सुईसारखं बारीक. शिंजीर की फुलटोच्या? मला स्वच्छ फुलटोच्या ऐकू येत होता. मामाजी डोळे मिटून उभे. पेन काही हलेना. ते काय लिहितील, अंदाजच येईना! शेवटी त्यांनी भरकन काहीतरी खरडलं. मीही खरडलं.

वानखडे मॅडम चिठ्ठ्या वाचू लागल्या. "माझं, शिंजीर. चाचा, शिंपी."

"अर्थातच," चाचा म्हणाले.

मग माझी चिठ्ठी. "'मामाजींचं तेच माझं.'"

"वा! सून असावी तं अशी!" चाचांनी टाळी वाजवली आणि मामाजींकडे वळले. "आता सांगा सर, कोणता हाय?"

मामाजींनी चिठ्ठी मुठीत धरली होती. मॅडमनी ती ओढून घेतली, उलगडली आणि मोठ्यानं वाचली,

"'सूनबाईचं तेच माझं.'"